दयेकडून सहजीवनाकडे : पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्ती सदन

गोषवारा :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रात ख्रिस्ती सेवाकार्याची चर्चा बहुधा धर्मांतराच्या अंगाने झाली आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या केडगाव येथील कार्याबाबतही हेच घडले. प्रस्तुत निबंधात मुक्ती सदनाच्या दैनंदिन जीवनक्रमाचा, म्हणजे अन्न, श्रम, शिक्षण, शुश्रूषा आणि भाषा यांच्या व्यवस्थेचा, विचार केला आहे. ख्रिस्ती करुणेची शिकवण तेथे गरिबांबरोबरच्या सहजीवनात कशी उतरली व त्या सहजीवनाला कोणत्या मर्यादा पडल्या, याचा मागोवा येथे घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : करुणा, सहजीवन, दुष्काळ, मुक्ती सदन, धर्मांतर, स्त्री-श्रम.

प्रस्तावना :
दया आणि सहजीवन या दोन संकल्पना परस्परांना जवळच्या असल्या तरी एकरूप नाहीत. दया करणारा आणि दया स्वीकारणारा यांच्यातील अंतर दयेने मिटतेच असे नाही. उलट अनेकदा ते अधिक ठळक होते. दाता वरच्या पायरीवर उभा असतो, हात खाली येतो आणि दान संपताच संबंधही संपतो. सहजीवनात मात्र अन्न, निवारा, श्रम आणि संकट यांत वाटेकरी व्हावे लागते. ख्रिस्ती धर्मविचारात या दोन्ही गोष्टींना स्थान आहे. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शमरोन्याचा दृष्टान्त वाटेवरच्या जखमी परक्याला हात देण्यास शिकवितो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात याच्याही पुढचे पाऊल आढळते. तेथे भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याशी प्रभूने स्वतःला एकरूप मानले आहे. या शिकवणुकीचे रूपांतर रोजच्या जगण्यात कसे होते, हा धर्मशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनाइतके अर्थपूर्ण उदाहरण क्वचितच सापडेल. रमाबाईंच्या संस्कृत विद्वत्तेविषयी, १८८३ मधील ख्रिस्तीधर्मस्वीकाराविषयी आणि शारदा सदनावरून झालेल्या वादाविषयी विपुल लेखन झाले आहे. देवदत्त नारायण टिळक यांच्या १९६० मधील मराठी चरित्रापासून उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांच्या अलीकडील अभ्यासापर्यंत त्यांच्या जीवनाची अनेक अंगांनी चिकित्सा झाली आहे. तथापि मुक्ती सदनात दिवस कसा उगवत होता, काम कोण करीत होते, शिकवीत कोण होते, या साध्या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. धर्मांतराच्या वादात गुंतलेल्या दृष्टीला दैनंदिन जीवन किरकोळ वाटते. वस्तुतः करुणेची खरी कसोटी तेथेच लागते.

दुष्काळाचा वारसा :
रमाबाईंच्या करुणेचे मूळ केवळ बायबलमध्ये शोधणे अपुरे ठरेल. ते त्यांच्या स्वतःच्या उपासमारीत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रमवजा घर केले. तेथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत दक्षिणेत फिरू लागले. १८७० नंतरच्या दुष्काळात पुराण ऐकणाऱ्यांनाच अन्न मिळेनासे झाले, तेथे पुराणिकाला कोण देणार? भांडी, दागिने, वस्त्रे विकली गेली. दानधर्म आणि अनुष्ठाने करूनही देवाने हाक ऐकली नाही. १८७४ मध्ये आधी वडील, नंतर थोड्याच आठवड्यांत आई आणि पुढे थोरली बहीण यांचे निधन झाले.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ टेस्टिमनी' या आत्मकथनात रमाबाईंनी या काळाविषयी दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. पहिली आईच्या अंत्यसंस्काराची. तिरडीला खांदा देण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. बंधू श्रीनिवास तिसरे आणि रमाबाई चौथ्या झाल्या. उंची कमी असल्याने रमाबाईंना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. कुटुंबाजवळ विद्या होती, पण पोटासाठी करता येईल असे कोणतेही काम त्यांपैकी कोणालाच येत नव्हते. आणि जातीचा अभिमान त्यांना मोलमजुरी करू देत नव्हता, भीक मागू देत नव्हता. भूक केवळ अवर्षणाने येत नाही. श्रमाला हीन लेखणारी समाजरचनाही तिला आमंत्रण देते, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता. पुढे केडगावात हातमाग, घाणा, गोठा आणि छापखाना उभा राहिला, त्यामागे या अनुभवाची सावली आहे.

आईवडिलांच्या मृत्यूनंतर भावाबहिणीने हजारो मैलांची पायपीट केली. १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना मिळाल्या. पण १८८० मध्ये श्रीनिवास गेले. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या प्रारंभी पतीचेही निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरी मनोरमा ही लहान कन्या होती. अनाथपण, भूक आणि वैधव्य हे तीनही अनुभव त्यांनी स्वतः घेतले होते, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

फुलहॅमचा अनुभव :
१८८२ मध्ये पुण्यास आल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. पुढील वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या धर्मस्वीकारामागे तात्त्विक चिंतन होतेच. परंतु एका प्रत्यक्ष दर्शनाचा वाटाही मोठा होता. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. ज्यांना 'पतित' म्हणून घराबाहेर काढले जाते अशा स्त्रियांची प्रेमाने शुश्रूषा होत असलेली रमाबाईंनी पाहिली. धर्मशास्त्रांचा मोठा अभ्यास असूनही अशा स्त्रीला पुन्हा माणसांत आणणारा मार्ग त्यांना तोपर्यंत आढळला नव्हता. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शमरोनी स्त्री आणि येशू यांच्या विहिरीवरील भेटीचा प्रसंग सांगितला. धर्माचे मोल त्यांनी येथे आचरणावरून जोखले. सिद्धान्ताच्या बाबतीत मात्र त्या पुढेही सहजासहजी नमल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धान्त, मठाची शिस्त, क्रुसावरील लेख संस्कृतात असावा की लॅटिनमध्ये, आहार शाकाहारी का असावा, अशा विषयांवर निर्भीड वाद आढळतात. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणत्याही चर्चकडे गहाण टाकली नव्हती.

शारदा सदन आणि त्याची मर्यादा :
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई या त्याच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. महाराष्ट्रातील विधवाशिक्षणाच्या पुढील चळवळीचा एक धागा अशा रीतीने शारदा सदनापर्यंत पोहोचतो.

शारदा सदन धर्मनिरपेक्ष असावे, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते. रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र दार उघडे असे आणि इच्छा असेल ती मुलगी आत बसू शके. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादाच्या गदारोळात शारदा सदनाची दुसरी मर्यादा दुर्लक्षित राहिली. नावाप्रमाणेच 'द हाय कास्ट हिंदू वुमन'चा विषय उच्चवर्णीय स्त्री हा होता आणि शारदा सदनही प्रामुख्याने तिच्यासाठीच होते. सोवळ्याओवळ्याचे नियम सांभाळून तिला शिक्षण देणे ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती, हे खरेच. तथापि शेतमजुराची मुलगी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील अनाथ बालिका या चौकटीबाहेरच होत्या. रमाबाईंची करुणा त्यांच्यापर्यंत पोहोचली ती दुष्काळामुळे.

१८९६-९७ : दुष्काळ, प्लेग आणि केडगाव :
अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपत आल्यावर सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे, या हेतूने रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली व फळझाडे लावली. ही तरतूद एका शाळेच्या खर्चासाठी होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी जवळ पुरेसा पैसा नसताना रमाबाई तिकडे गेल्या. आपण स्वतः अशाच दुष्काळातून वाचलो आहोत, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना, असे त्यांच्या दुष्काळविषयक लेखनावरून दिसते. सरकारी मदतकेंद्रे आणि अनाथगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तेथे अन्नाचा तुटवडा होताच. शिवाय तरुण मुलींना फूस लावून विकणारे दलाल वावरत होते आणि व्यवस्थेवर नेमलेल्या माणसांकडूनही त्यांना धोका होता. भुकेल्या मुलीला अन्न पुरविणे पुरेसे नाही, तिला सुरक्षित घर हवे, हा निष्कर्ष त्यांनी या पाहणीतून काढला. काही महिन्यांतच सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले. शहरात एवढ्या मोठ्या संख्येने निराश्रितांना ठेवण्यास प्रशासनाने मनाई केल्यावर सर्वांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर हलवावे लागले. प्रारंभी तंबू व झोपड्या, मग विहिरी, मग इमारती असा क्रम होता. या जागेला 'मुक्ती' हे नाव मिळाले.

प्लेगच्या प्रसंगी रमाबाईंनी घेतलेली आणखी एक भूमिका येथे नोंदविली पाहिजे. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची जी हेळसांड व असुरक्षितता होती, तिच्याविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून जाहीरपणे लिहिले. त्यामुळे मुंबई सरकारला खुलासा करावा लागला. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणून राज्यकर्त्यांची बाजू घेतली, हा आरोप या घटनेपुढे टिकत नाही. गरिबांच्या बाजूने उभे राहणे याचा अर्थ प्रसंगी आपल्या हितचिंतकांना दुखविणे असाही होतो.

या काळात सेवेचा हा वसा केवळ ख्रिस्ती समाजाने घेतला होता, असे म्हणता येणार नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते. सावित्रीबाई फुले याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. रमाबाईंच्या धर्मांतरावर गहजब झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली होती. गरिबांच्या जगण्यात वाटेकरी होण्याचे मार्ग वेगवेगळ्या श्रद्धांतून निघून एका ठिकाणी मिळतात, याची ही साक्ष आहे.

मुक्ती सदनातील दैनंदिन जीवन :
१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातची दैना झाली. तेथूनही मोठ्या संख्येने मुली आल्या आणि मुक्ती सदनातील रहिवाशांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. एवढ्या माणसांचे रोजचे जेवण, पाणी, कपडे, औषधपाणी ही व्यवस्था कोणी केली असेल? येणाऱ्या मुली हाडांचे सापळे झालेल्या असत. साथीचे रोग त्यांच्याबरोबरच येत. अनेकींना आश्रय मिळूनही वाचविता आले नाही. पगारी नोकरांवर वा मूठभर मिशनरींवर हा भार टाकणे अशक्य होते. रमाबाईंनी जी घडी बसविली, तीत आधी आलेली मुलगी नंतर आलेलीची पालक झाली. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुली शिक्षिका व गटप्रमुख बनल्या. लहानांना न्हाऊ घालणे, आजाऱ्यांजवळ जागणे, अक्षरे गिरवून घेणे हे काम त्यांच्याकडे आले. काल आश्रयासाठी आलेली स्त्री आज आश्रय देणारी झाली, की तिच्यातील लाचारी गळू लागते. मुक्ती सदनाचे हे सर्वांत मोठे संघटनात्मक वैशिष्ट्य मानावे लागेल.

दुसरे वैशिष्ट्य श्रमाचे. शेती, दूधदुभते, हातमागावरील विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, धुलाई, पावभट्टी, छपाई अशी अनेक कामे स्त्रियांनी शिकून घेतली. त्यांपैकी काही कामे विशिष्ट जातींची, तर काही केवळ पुरुषांची मानली जात. घाणा चालविणे किंवा छापखान्यात खिळे जुळविणे हे ब्राह्मण विधवेचे काम नव्हे आणि कुणब्याच्या मुलीचेही नव्हे, असे मानणाऱ्या समाजात या कामांची वाटणी जातीनुसार न होता गरजेनुसार व वकुबानुसार होऊ लागली. श्रमाची लाज बाळगल्यामुळे आपले कुटुंब उपाशी मेले, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणाला आत घ्यायचे, याविषयीचा दृष्टिकोन. फुलहॅमची आठवण जागी ठेवून लैंगिक शोषणास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. शारदा सदनाच्या काळात रमाबाईंनी यात्रेकरूच्या वेषात वृंदावनास जाऊन तेथील विधवांची विटंबना पाहिली होती. तो अनुभवही यामागे होता. वृद्ध स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. अमेरिकेत शिकून परतलेल्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपीतून शिकविण्यास प्रारंभ केला. अंध मुलगी वाचू लागली, विणू लागली आणि पुढे इतर मुलींना शिकवू लागली. त्या काळी अंध अनाथ मुलीला भिकेखेरीज दुसरा मार्ग नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयत्नाचे मोल कळते.

स्वतः रमाबाईंची राहणी या सर्वांहून वेगळी नव्हती. जाड्याभरड्या कापडाचे पांढरे लुगडे आणि साधा शाकाहार हा त्यांचा शेवटपर्यंतचा परिपाठ राहिला. युरोपीय व अमेरिकन साहाय्यक स्त्रिया त्यांच्याबरोबर काम करीत. १८९८ मध्ये आलेल्या मिनी एब्रम्स या त्यांपैकी प्रमुख होत. परंतु संस्थेची सूत्रे भारतीय स्त्रीच्या हाती होती. मिशनरी कार्यात बहुतेक ठिकाणी गोरा वरिष्ठ व देशी कनिष्ठ अशी उतरंड असताना केडगावचे हे चित्र अपवादात्मक होते.

भाषेतील सहजीवन :
रमाबाईंच्या जीवनाची अखेरची सुमारे दोन दशके बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. संस्कृत, मराठी, बंगाली, इंग्रजी या भाषांवर प्रभुत्व असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. शिवाय त्यातील काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, अशीही त्यांची तक्रार होती. हे काम केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडले.

वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर सर्वांना रुचले नाही. मुळाशी शब्दशः इमान राखण्याच्या आग्रहामुळे ते ठिकठिकाणी अवघड झाले आहे. तरीही त्यामागील प्रेरणा महत्त्वाची आहे. लहानपणी हजारो श्लोक मुखोद्गत करून सभा जिंकणारी पंडिता आयुष्याच्या अखेरीस दुष्काळातून आलेल्या मुलीला समजेल असा शब्द शोधीत बसली होती. ज्ञान हे प्रतिष्ठेचे साधन असलेल्या परंपरेत विद्वत्तेचा हा त्याग अन्नवस्त्र वाटून घेण्यापेक्षा सोपा नव्हता.

आक्षेपांचा विचार :
मुक्ती सदनाचे मूल्यमापन करताना एका आक्षेपाला टाळून पुढे जाता येत नाही. शारदा सदन किमान धोरणाने धर्मनिरपेक्ष होते. मुक्ती सदन प्रारंभापासून उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे आलेल्या बहुसंख्य मुली अल्पवयीन, अनाथ आणि पूर्णतः परावलंबी होत्या. अन्न, वस्त्र, शिक्षण आणि माया ज्या हातांनी मिळते, त्या हातांचा धर्म मुलीने स्वीकारला तर त्या स्वीकाराला स्वतंत्र निवड म्हणता येईल काय? १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली आणि शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थनेत रंगून गेल्या. जागतिक ख्रिस्ती इतिहासात या घटनेला महत्त्व आहे. परंतु संस्थेतील वातावरण श्रद्धेने किती भारलेले होते, हेही त्यावरून दिसते.

रमाबाईंच्या कार्याविषयी आदर बाळगूनही हा प्रश्न वैध मानला पाहिजे. स्वतः रमाबाईंनी वाँटेजच्या भगिनींशी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासाठी भांडण केले होते. त्यांनी केलेला ख्रिस्तीधर्मस्वीकार हा वादविवाद व चिंतन यांतून आलेला होता. दुष्काळातून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला तसा अवकाश मिळणे शक्य नव्हते. त्यातच मुक्ती सदनाविषयीची समकालीन साधने बव्हंशी रमाबाईंची पत्रे, संस्थेची वृत्ते आणि देणगीदारांसाठी लिहिलेले मजकूर अशा स्वरूपाची आहेत. त्यांत मुलींचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो श्रद्धेच्या साक्षीच्या ठरावीक साच्यातून. त्यामुळे दैनंदिन जीवनातील समता मान्य करतानाच निर्णयाचा अंतिम अधिकार एका व्यक्तीकडे एकवटला होता, हेही मान्य करावे लागते.

तथापि आक्षेपाची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. १८९३ मध्ये शारदा सदनातून मुली काढून नेण्यासाठी पालक होते, जात होती, वृत्तपत्रे होती. १८९७ मध्ये मदतकेंद्राच्या दारात पडलेल्या मुलीसाठी यांपैकी कोणीही आले नाही. ज्यांच्या धर्माची चिंता पुढे व्यक्त झाली, त्यांच्या भुकेची चिंता आधी फारच थोड्यांनी केली होती. कर्व्यांचा १८९६ मधील अनाथ बालिकाश्रम विधवांसाठी मोठे काम करीत होता. पण दुष्काळग्रस्त शेतकरी व दलित मुलींना एवढ्या मोठ्या संख्येने सामावून घेणारी दुसरी स्त्री-संस्था त्या काळात पुणे परिसरात नव्हती. म्हणून धर्मांतराचा प्रश्न विचारताना, या मुलींपुढे दुसरा कोणता पर्याय समाजाने ठेवला होता, हा प्रश्नही सोबतच विचारावा लागतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१. रमाबाईंच्या करुणेला ख्रिस्ती शिकवणुकीने भाषा व दिशा दिली. तिचे बीज मात्र स्वतः भोगलेल्या दुष्काळात, अनाथपणात व वैधव्यात होते.
२. शारदा सदन ते मुक्ती सदन हा प्रवास धर्मनिरपेक्षतेकडून धर्माकडे झाला, एवढेच सांगणे एकांगी आहे. तो उच्चवर्णीय विधवेकडून जातिनिरपेक्ष निराश्रित स्त्रीकडे झालेला प्रवासही आहे.
३. आश्रितांनाच शिक्षिका, परिचारिका व कारागीर बनविणाऱ्या व्यवस्थेमुळे दाता आणि याचक यांच्यातील अंतर दैनंदिन व्यवहारात कमी झाले.
४. श्रद्धेच्या क्षेत्रात हे अंतर तितके कमी झाले नाही. परावलंबी बालिकेच्या निवडीचे स्वातंत्र्य हा प्रश्न मुक्ती सदनाच्या संदर्भात अनुत्तरित राहतो, आणि धर्माधिष्ठित सेवासंस्थांचा विचार करताना तो आजही विचारात घ्यावा लागतो.

समारोप :
१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना, म्हणून तो भार स्वतःच्या डोक्यावर घेणाऱ्या मुलीने पुढे शेकडो अनाथ मुलींना अशा एकाकीपणातून बाहेर काढले. तिच्या धर्माविषयी महाराष्ट्राने पुष्कळ वाद केला. तिने पोसलेल्या, शिकविलेल्या आणि कामाला लावलेल्या स्त्रियांच्या पुढील आयुष्यांचा इतिहास मात्र अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. केडगाव परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांच्या मौखिक परंपरा, चर्चच्या नोंदवह्या आणि शाळांची दप्तरे यांच्या आधारे तो लिहिला गेल्यास, मुक्ती सदनातील सहजीवनाची खोली आणि मर्यादा या दोन्ही अधिक नेमकेपणाने समजू शकतील.